आमरसाचं प्रतिज्ञापत्र

९ जानेवारी

शर्मिलाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, एक तारखेला ही डायरी दिली. म्हणाली, "रोज लिहा, राग कमी होईल." मी म्हटलं, मला राग येतच नाही. त्यावर ती नुसती हसली आणि मला राग आला. पण लिहायला मुहूर्त आज लागला, आणि त्याला कारण कोंडीराम पिसाळ.

मी कामगारांची बाजू घेणारा वकील. शनिवार पेठेत पहिल्या मजल्यावर ऑफिस, एकतीस वर्षं प्रॅक्टिस, 'अ‍ॅड. ज्ञानदेव शेलार' ही पितळी पाटी. कोंडीराम माझा पक्षकार. वय पंचावन्न. हिंजवडीला मेघडंबरी टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी आहे, तिच्या गेटवर चौदा वर्षं वॉचमन होता. ठेकेदाराचा नव्हे, कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटावरचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मालक अभिनव देवस्थळे गळ्यात ओळखपत्र न घालता आले. सोबत गाडीत परदेशी पाहुणे. कार्ड नसेल तर पाहुण्यांच्या रजिस्टरात नोंद करायची, हा नियम मालकांनीच काढलेला. कोंडीरामने गाडी अडवली.

मालक म्हणाले, "अहो, मी मालक आहे."

"त्ये ठावं हाय साहेब. पन आत कशापायी चाललाय?"

मालकांना पाहुण्यांपुढे एकदम काही सुचेना. कोंडीरामने रजिस्टरात लिहिलं: 'उद्देश – सांगता आला नाही.' एका पाहुण्याने ड्रायव्हरकडून त्याचा अर्थ समजून घेतला आणि गेटवरच पोट धरून हसला. संध्याकाळी कोंडीरामची नोकरी गेली. वर कंपनीने कागद केला की याने स्वखुशीने काम सोडलं.

आता याचं म्हणणं दोनच गोष्टी: गेट परत पाहिजे, आणि तो 'स्वखुशीने' शब्द पुसला पाहिजे. त्या कागदामुळे दुसरीकडे कुणी उभं करत नाही, म्हणून रोज बसने माझ्या ऑफिसात येतो आणि "तारीख काय म्हनती?" विचारतो. आज येताना स्वतःच्या खर्चाने एक जाडजूड रजिस्टर घेऊन आला, माझ्या दाराबाहेर स्टूल टाकलं आणि बसला. म्हणाला, "नुसतं बसून हात आखडत्यात, साहेब. तवर तुमचं गेट बघतो."

माझ्या ऑफिसला गेट नाही. जिना आहे. पण हे त्याला कोण सांगणार?

१६ जानेवारी

ते रजिस्टर आज उघडून पाहिलं. शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे, आणि त्यात हा माणूस वाट्टेल ते लिहितो. नमुने उतरवून ठेवतो, पुढेमागे याच्यावर कारवाई करायची वेळ आली तर पुरावा असावा.

'१०.४० – एक गृहस्थ. उद्देश: शेलार साहेबांना भेटणे. साहेब आत. साहेब म्हणाले, बाहेरगावी गेलेत असं सांग. सांगितलं. शेरा: गृहस्थांनी साहेबांचा आवाज ऐकला.'

'१.१५ – वहिनीसाहेब. उद्देश: साहेब फोन उचलत नाहीत. शेरा: उद्देश सफल.'

'२.०५ ते ३.५० – साहेब आत. कोणालाही सोडू नये. शेरा: घोरणे ऐकू येते.'

मी त्याला झाप झाप झापलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं आणि मी आत वळताच लिहिलं: 'साहेब रागावले. कारण: खरं लिहिलं.' माझी ज्युनियर उत्कर्षा गजभिये, नागपूरची मुलगी, तोंडावर फाइल धरून हसत होती. म्हणे, "सर, ही इज सो क्यूट." पंचावन्न वर्षांचा मिशीवाला माणूस आणि क्यूट! या पिढीचं काही खरं नाही.

२ फेब्रुवारी

एक विचित्र गोष्ट. गेले दोन आठवडे मी दहाच्या ठोक्याला ऑफिसात पोहोचतोय. वयाबरोबर शिस्त येते माणसाला, दुसरं काय.

२० फेब्रुवारी

साक्षीची तालीम घेतली. मी दामलेंच्या भूमिकेत. दामले म्हणजे कंपनीचे वकील, चांगला माणूस, फक्त दर वेळी पुढची तारीख मागतो.

मी विचारलं, "तुम्ही मालकांशी नम्रपणे बोललात ना?"

"न्हाई. वरडलो."

"अहो, नम्रपणे म्हणा!"

"गाडीची काच वर व्हती साहेब. नम्रपने आयकू कसं जाईल?"

"बरं. मालकांचा अपमान करायचा हेतू नव्हता ना?"

याने बराच विचार केला. "पैल्यांदा नव्हता," म्हणाला. "नंतर वाईच मजा वाटली."

मी कपाळावर हात मारून घेतला. असा साक्षीदार शत्रूलाही मिळू नये. अंगात थोडीसुद्धा चतुराई नाही. केस जिंकायची तर ती माझ्या बुद्धीवरच.

२४ एप्रिल

उद्या दुपारी पावणेतीनला कोंडीरामची तारीख. दामले सवयीप्रमाणे मुदत मागणार, त्यामुळे होणार काहीच नाही. कोंडीरामला सांगितलं, "उद्या येऊ नका कोर्टात. तारीख पडेल नुसती." तो म्हणाला, "येतो की. मला कुठं काम हाय?" मी म्हटलं, "वकील तुम्ही का मी?" गप्प बसला. कधी कधी ठणकावून सांगावं लागतं.

उद्या दुपारी धायरीला मेहुणीकडे जेवायला बोलावलंय. तिथून थेट कोर्टात जाईन. उत्कर्षा बहिणीच्या लग्नाला नागपूरला.

२५ एप्रिल

मेहुणीच्या, विजयमालेच्या, हातचा आमरस! यंदाचा पहिला हापूस. तृप्त झालो.

२६ एप्रिल

मेलो.

काल दामलेंनी मुदत मागितली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा हा इसम पूर्ण तयारीने, साक्षीदार घेऊन, इस्त्रीचा कोट घालून हजर. पुकारा तीन वेळा झाला. अर्जदार गैरहजर, अर्जदाराचे वकील गैरहजर. मॅडमनी, म्हणजे न्यायाधीशांनी, प्रकरण निकाली काढलं. 'अर्जदारास दाव्यात स्वारस्य दिसत नाही.'

कोंडीरामला स्वारस्य नाही! ज्या माणसाने दोन वर्षांत एक तारीख चुकवली नाही, त्याला. आणि मी त्या वेळी धायरीत आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून पडलो होतो. उठलो तेव्हा साडेचार. तरी मी चहा घेतला. चहासुद्धा घेतला मी.

पुन्हा उभं करता येईल प्रकरण. तसा अर्ज करता येतो. पण आधी कोंडीरामला सांगावं लागेल.

उद्या सांगेन.

३० एप्रिल

सांगितलं नाही. सकाळी जिना चढताना ठरवून येतो, स्टुलापाशी आलो की चपळाईने आत सटकतो. आज मोबाइल कानाला लावून, फोन चालू असल्याचा आव आणून आत शिरलो. फोन उलटा धरला होता असं नंतर लक्षात आलं.

दुपारी रजिस्टर चाळलं. 'साहेब आले १०.००. माझ्याकडे बघितलं नाही. शेरा: चौथा दिवस.' कसला चौथा दिवस कोण जाणे. बहुधा त्याला उन्हाचा त्रास होत असावा. आज "तारीख काय म्हनती?" असंही विचारलं नाही. विसरभोळा होत चाललाय बिचारा.

२ मे

आज त्याची बायको आली. द्वारका. हिरवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी घरच्या कैऱ्या. समोर बसली आणि म्हणाली, "साहेब, केस गेली ना?"

मी उगाच समोरची फाइल उघडली.

"ह्यांना त्याच दिवशी सांजच्याला कळलं. हे गेलेच व्हते कोर्टात, तुमी नगं म्हनला तरी. बस आडकली चांदनी चौकात. पोचले तवा सव्वातीन. शिपायानं सांगितलं, आटपलं तुमचं." तिने पदराने घाम पुसला. "घरी येऊन जेवले न्हाईत. म्या म्हनलं, वकिलाला जाऊन इचारा. तर म्हनले, साहेब स्वतः सांगतील, मानूस वाईट न्हाई. आठ दिस झाले. मग मीच आले."

मला रडू आलं. वकील माणूस, पक्षकाराच्या बायकोपुढे, कैऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन रडलो. ती बाई मलाच म्हणाली, "असू द्या, असू द्या." आणि मग हळूच, "साहेब, ह्ये रोज सकाळी सहाला उठून दाढी करत्यात. कामावर जायाचं असल्यागत. दोन वरसं झाली. कायतरी करा."

बाहेर जाऊन कोंडीरामचे हात धरले. म्हटलं, चूक माझी. तो म्हणाला, "व्हय, तुमचीच." मग स्टुलावरून उठला आणि मला बसायला दिलं.

५ मे

मार्ग सापडला. प्रत्येक वकील जो वापरतो तोच. समोरच्या डॉक्टरांकडून दाखला आणला: तीव्र जुलाब, पंचवीस एप्रिल, पूर्ण विश्रांती. फक्कड दाखला. वाचून मलाच अशक्तपणा आला. अर्ज टाइप झाला. फक्त खाली कोंडीरामची सही हवी.

वाचून बघितलं त्याने. चष्मा काढला. "साहेब, तुमाला जुलाब झाले व्हते?"

"ते महत्त्वाचं नाही."

"झाले व्हते का न्हाई?"

"नाही."

"मग म्या सही न्हाई करनार."

मी समजावलं. आवाज चढवला. हात जोडले. म्हटलं, अहो सगळे असंच करतात, ही एक रीत आहे, नाहीतर नोकरी गेली कायमची. कोंडीराम एवढंच म्हणाला, "खोट्या कागदापायीच तर घरी बसलोय. आता खोटा कागद देऊन गेटवर उभा ऱ्हाऊ? कुनाला आडवू मग तितं?"

याला काय उत्तर द्यायचं ते मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. रागाने दाखला फाडला. मग आठवलं की डॉक्टरांनी तो फुकट दिला नव्हता.

७ मे

खरं लिहायचं ठरलं. उत्कर्षा टाइप करायला बसली आणि दर ओळीला थांबून पाणी प्यायला जात होती, हसू आवरायला. माझं प्रतिज्ञापत्र असं:

'मी, ज्ञानदेव शेलार, व्यवसाय वकिली, शपथेवर लिहून देतो की, दिनांक २५ एप्रिल रोजी दुपारी पावणेतीन वाजता मी धायरी येथे माझ्या मेहुणीच्या घरी आमरस-पुरीचे जेवण करून आरामखुर्चीत झोपलो होतो. मला कोणताही आजार नव्हता. अर्जदारास कोर्टात येऊ नका असे मीच सांगितले होते. अर्जदाराचा यात काडीचाही दोष नाही.'

कोंडीराम म्हणाला, "किती वाट्या?"

"कशाच्या?"

"आमरसाच्या. झोप का लागली, त्ये कळाया नगं जजसायबांना?"

मी उत्कर्षाला म्हटलं, तीन लिही. कोंडीराम माझ्याकडे बघत राहिला. नुसता बघत. या नजरेपुढेच गेटवर माणसं खरं बोलत असणार. उत्कर्षाने तेवढ्यात, माझी परवानगी न घेता, विजयमालेला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तीन?" विजयमाला ओरडली. "भाऊजी आणि तीन? सहा! सातवी मागत होते, मी पातेलं लपवलं!"

प्रतिज्ञापत्रात 'सहा वाट्या' असं गेलं. कोंडीरामने अर्जावर सही केली, ठळक, शाळेतल्यासारखी. माझी वकिली आता संपली. वकिलांच्या बार रूममध्ये तोंड दाखवायची सोय राहिली नाही. शर्मिला म्हणते, बरं झालं, डायबिटीसचं कधीपासून सांगतेय.

१२ जून

कोर्टाच्या सुट्टीनंतर आज अर्ज सुनावणीला निघाला. कोर्ट भरगच्च. दामलेंना प्रत मिळालेली, म्हणजे सगळ्या बारला मिळालेली. मी आत शिरताच मागून कुणीतरी म्हणालं, "पुरी आणली का?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. कान तापले होते.

मॅडमनी वाचायला घेतलं. अर्ध्यात थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, सहा?"

"होय, मॅडम."

"हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?"

खरं तर 'होय' म्हणायचं मनात होतं. तेवढ्यात मागे उभा असलेला कोंडीराम खाकरला. म्हटलं, "नाही, मॅडम. मी जुलाब लिहिले होते. पक्षकाराने सही करायला नकार दिला. वाट्यांचा आकडाही त्यानेच दुरुस्त करायला लावला."

कोर्ट हसलं. शिपायापर्यंत सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या कोर्टात रोज कुणी ना कुणी वकील आजारी असतो. प्रकृती उत्तम असलेले आज पहिलेच भेटले." मग दामलेंकडे वळल्या. "तुमचा विरोध आहे?"

दामले उठले. अक्षम्य हलगर्जीपणा वगैरे बोलले. मुद्दा बरोबर होता, मलाही पटला.

"असेल," मॅडम म्हणाल्या. "पण मला दुसराच प्रश्न पडलाय. नोकरी पणाला लागली असताना स्वतःच्या वकिलाच्या जुलाबावर जो सही करत नाही, त्याने स्वखुशीने काम सोडलं, असं तुमचं म्हणणं. त्याने तसं कुठे लिहून दिलंय?"

दामलेंनी कागद चाळले. पुढून मागे, मागून पुढे. "लिहून... तसं नाही, मॅडम."

"मग प्रकरण पुन्हा दाखल करून घेते. पुढच्या तारखेला याची साक्ष. आणि याने लिहिलेली गेटवरची सगळी रजिस्टरं कंपनीने हजर करावीत. चौदा वर्षांची. शेऱ्यासकट मोठ्याने वाचून घेऊ."

दामले मटकन खालीच बसले. एवढं काय झालं त्यांना? जुनी रजिस्टरं ती, धूळ असेल फार तर. बाहेर आल्यावर मी कोंडीरामला विचारलं, काय लिहिलंय त्यात? तो म्हणाला, "कोन कवा आलं, कोन कुनासंगं गेलं, आन आत काय सांगून बाहेर काय केलं. दुसरं काय लिवनार?"

१४ जून

दामलेंचा फोन. मालकांना तडजोड करायची आहे. माझ्या युक्तिवादाचं दडपण आलं असणार त्यांच्यावर.

२८ जून

दामलेंच्या ऑफिसात बैठक. टेबलाच्या एका बाजूला मी आणि कोंडीराम, समोर मालक देवस्थळे आणि दामले. देवस्थळे चाळिशीतले, साधा शर्ट, सारखं पेनाचं टोपण काढघाल. घाबरलेले वाटले. आम्ही सगळेच घाबरलो होतो, कोंडीराम सोडून.

पहिला मसुदा: 'गैरसमजातून सेवा खंडित झाली.' कोंडीराम म्हणाला, "गैरसमज कुनाचा न्हवता. त्यांनी मला काढलं." दुसरा मसुदा: 'उभयपक्षी मतभेद.' "माझा कसला मतभेद?" तिसरा मसुदा दामलेंनी फाडून टाकला, मला दाखवलाच नाही. चौथा शेवटी मालकांनी स्वतः हाताने लिहिला: 'कोंडीराम पिसाळ यांनी काम सोडले नव्हते. त्यांना काढले होते. ती चूक होती. त्यांना सोमवारपासून पूर्वीच्याच जागी, अखंड सेवा धरून, कामावर घेत आहोत.'

कोंडीरामने तो कागद बोट ठेवून वाचला. मग पुन्हा वाचला. मान हलवली. मालकांनी सहीला पेन टेकवलं, आणि थांबले.

"काका, एक विचारू? समजा, उद्या मी कार्ड विसरलो. काय कराल?"

दोन वर्षं, सहा वाट्या, आणि सगळं या एका उत्तरावर. कोंडीराम श्वास घेऊन बोलायला लागणार, एवढ्यात मी टेबलाखालून त्याचा पाय जोरात दाबला. बूट लागला. आज नवे बूट घालून आला असावा, बैठकीचा मान म्हणून. आणखी जोरात दाबला. मनात म्हटलं, बाबा रे, 'सोडेन' म्हण. एकदाच म्हण. तुझं काय जातं?

कोंडीराम म्हणाला, "थांबवीन, साहेब."

मी डोळे मिटले आणि पाय दाबतच राहिलो.

"न्हाई थांबवलं," कोंडीराम पुढे म्हणाला, "तर मला ठिवलाय कशाला?"

पंखा गरगरत होता. मी एक डोळा उघडून पाहिलं. मालक कोंडीरामकडे बघत होते. मग त्यांनी सही केली, शांतपणे तारीख घातली, कागद पुढे सरकवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वकीलसाहेब, सही झाली. आता माझ्या पायावरून पाय काढा."

आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि मी नुकतंच आमरसाचं प्रतिज्ञापत्र केलेला माणूस आहे. कोंडीरामच्या पायात जुनीच चप्पल होती, आणि ते पाय त्याने खुर्चीखाली घेतले होते.

जिना उतरताना तो मध्येच थांबला. भिंतीला टेकला. मला वाटलं, चक्कर आली. तर तो रडत होता, आवाज न करता, कागद छातीशी धरून. जवळ उभा राहिलो. थोड्या वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं, मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. पलीकडून द्वारका काहीबाही विचारत होती, एकामागून एक. हा फक्त म्हणाला, "आगं, सोमवारी डबा कर."